लाल दोऱ्याची दुरुस्ती

परळच्या एका सार्वजनिक ग्रंथालयात मी तीस वर्षं ग्रंथपाल आहे. पुस्तकांची नोंद करणं हे तिथलं काम आहे असं लोकांना वाटतं. पुस्तकाला नाव असतं, लेखक असतो, पानांवर आकडे असतात. त्याची नोंद कोणीही करील. खरी कसोटी लागते ती सभासदांच्या माळ्यावरून येणाऱ्या दानाने. मुंबईत माळा रिकामा करायची वेळ आली की माणसाला एकदम समाजसेवेचा उमाळा येतो. रद्दीवाला जे घेत नाही ते आम्हाला मिळतं, आणि वर आभाराचं पत्रही द्यावं लागतं.

अशा दानाने माझं एक कपाट भरलं आहे. आमच्या उपाध्यक्षांच्या वडिलांनी लग्नपत्रिकेच्या पाठीमागे बॉलपेनने काढलेला गावाचा नकाशा त्यात आहे. नकाशात नदी, देऊळ आणि वडिलांचं घर, एवढंच. घर देवळापेक्षा मोठं आहे. मी तो रीतसर नोंदवला: नकाशा, एक, प्रमाण दिलेले नाही, आणि नकाशाकार म्हणून वडिलांचं संपूर्ण नाव, पदवीसकट. एका माजी अध्यक्षांच्या सत्काराची व्हिडिओ कॅसेट आहे. ती लावायचं यंत्र ग्रंथालयात नाही, माझ्या घरी नाही, ओळखीत कोणाकडे नाही. तरी ती 'चलचित्र' म्हणून सूचीत आहे आणि दिग्दर्शकाच्या जागी सत्कारमूर्तींचंच नाव आहे, कारण तसं त्यांनी सांगितलं. कोणी हरकत घेतली नाही. मी तर मुळीच नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वी खणांतली कार्डं गेली आणि संगणक आला. कार्डावर एखादी जागा कोरी सोडता यायची. संगणकाला कोरं चालत नाही. शीर्षक, कर्ता आणि प्रकाशक या तिघांपुढे तांबडी चांदणी असते आणि त्या जागा भरल्याशिवाय तो नोंद साठवूनच घेत नाही. माझा स्वभावही साधारण तसाच असल्यामुळे आमचं छान जमलं.

त्याच सुमारास एक बाई जुन्या साडीत गुंडाळलेली वही घेऊन आल्या. जवळच्या मोठ्या इस्पितळातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, वय सत्तरीच्या आसपास, राहायला मागच्या गल्लीतल्या चाळीत. अख्खी गल्ली त्यांना सिस्टर म्हणते, मीही म्हणते.

"आईची वही आहे, मॅडम," त्या म्हणाल्या. "चाळ पाडतायत आमची. ट्रान्झिटच्या खोलीत ही कुठं ठेवू? इथं चार माणसं बघतील. आईचं नाव राहील."

मी मान डोलावली. दान आणणारा प्रत्येक जण हेच म्हणतो, आणि मीही प्रत्येकापुढे अशीच मान डोलावते.

वहीत अक्षर म्हणून नव्हतं. जाड खाकी कागदाची पानं सुतळीने शिवलेली, आणि पानापानावर कापडाचे तुकडे. डिंकाने नाही, टाके घालून बसवलेले. पट्ट्यापट्ट्यांचं कापड, चौकटीचं, गादीच्या खोळीचं, एखादा धोतराचा काठ. सिस्टरची आई गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात कामाला होती. लिहिता-वाचता येत नव्हतं. गिरणी बंद पडली, पुढे आई गेली, मागे वही राहिली.

मी कामाला लागले. पानं मोजली, उंची मोजली. जाडी एका बाजूला दोन बोटं आणि दुसऱ्या बाजूला चार बोटं भरली, तेव्हा सरासरी काढली. कापडांची नावं काही मला येईनात, म्हणून वही स्वतःच्याच नावावर घेतली आणि हिंदमाताच्या कापडबाजारात गेले. जिथे मी ब्लाउजपीस घेते त्या दुकानदाराने गल्ल्यावरून उठून हात पुसले आणि एका तुकड्याची कड अलगद उचलून मागून पाहिली.

"सामनेसे क्या देखते हो मॅडम, उलटा देखो," तो म्हणाला. मग बोट फिरवत नावं सांगत गेला. पॉपलीन, ड्रिल, केंब्रिक, मांजरपाट. शेवटी वही मिटून म्हणाला, "जिसने बनाया ना, उसको सूत मालूम था. एक पण तुकडा असाच नाय लावलेला."

एवढं ऐकून मी परत आले आणि लिहिलं: कापडाचे नमुने, सुती.

राहिला कर्ता. आमच्या शास्त्राचा पहिला धडा असा की वस्तूची माहिती वस्तूवरूनच घ्यायची, कोणी तोंडी सांगितलेलं धरायचं नाही. उपाध्यक्षांचं तोंड त्यातून वगळायचं हे धड्यात छापलेलं नसलं तरी समजून घ्यायचं असतं. सगळ्या वहीत अक्षरं होती ती एकाच जागी. शेवटच्या पानावर ताग्याच्या टोकाचा तुकडा होता आणि त्यावर गिरणीचा निळा छाप होता. झालं, मला आधार मिळाला. शीर्षकात गिरणीचं नाव, कर्ता गिरणी, प्रकाशकही गिरणी. संस्था ही कर्ता असू शकते असा नियम आहे आणि तो मला झोपेतही म्हणता येतो. अवस्थेच्या जागी मी लिहिलं: 'बरी, प्रत्येक पानावर लाल दोऱ्याने दुरुस्ती.' संगणकाने नोंद पहिल्या झटक्यात स्वीकारली. मी स्वतःवर बेहद्द खूश होऊन चहा मागवला.

महिन्याभराने सिस्टर चाळीतल्या दोन शेजारणींना घेऊन आल्या. दोघीही ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या. वाचकांसाठी आम्ही दाराशी एक संगणक ठेवला आहे. त्याच्यापुढे बसून सिस्टरनी एका बोटाने आईचं नाव टाइप केलं. पडद्यावर आलं: 'एकही नोंद सापडली नाही.' त्यांनी ते पुसलं आणि मधे वडिलांचं नाव घालून पुन्हा टाइप केलं. मग नुसतं आईचं पहिलं नाव. शेजारणी कोणाच्या घरचं भांडण चुकून कानावर पडावं तशा दुसरीकडे बघायला लागल्या.

"मॅडम, हे बंद पडलंय का?" सिस्टरनी विचारलं.

मी उठून गेले आणि नोंद काढून दाखवली. नियम समजावून सांगितला. वस्तूवरचा आधार, संस्था-कर्ता, सगळं. त्या दिवशी मला चांगलीच तार लागली होती. सिस्टरनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे वही गिरणीनं केली."

"तसं नाही हो सिस्टर, हे आपलं नोंदीपुरतं."

"नोंदीतच तर पायजे होती ती," त्या म्हणाल्या. "गिरणीच्या मस्टरवर नुसता अंगठा होती. द्या माझी वही परत."

पण एकदा दाखल झालेली वस्तू समितीच्या ठरावाशिवाय परत देता येत नाही. हाही नियमच, आणि तोही मी सांगितला. सिस्टर खुर्चीवरून उठल्या. मग शेजारणींना म्हणाल्या, "चला." दोन ठेवणीतल्या साड्या त्यांच्या मागोमाग जिना उतरून गेल्या.

विषय समितीपुढे गेला. आमचे कार्यवाह सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, बोलणं स्वच्छ पुणेरी. "भावना समजतात, बाई," ते मला म्हणाले. "पण ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांना आपण कर्त्या म्हणू लागलो, तर याला अंत काय? त्यांना पुरावा आणायला सांगा. गिरणीचा दाखला वगैरे. आणि दान परत देण्याचा प्रघात पाडू नये असं माझं स्पष्ट मत आहे."

गिरणीच्या जागेवर आता काचेचा टॉवर उभा आहे आणि त्याच्या फाटकावरचा रखवालदार सिस्टरला आत पाय टाकू देणार नाही, दाखल्याची गोष्ट दूरच. उपाध्यक्षांनी गंभीरपणे मान हलवली. लग्नपत्रिकेवरच्या नकाशाला कुठला दाखला लागला होता, एवढंच विचारायचं होतं. माझ्या जिभेवर होतं. पण बैठकीला बटाटेवडे आले होते आणि मी एक उचलला. तीस वर्षांची माझी नियमांची जाण अशा वेळी वड्याबरोबर गिळली जाते.

निर्णय सांगायला मी स्वतः सिस्टरच्या खोलीवर गेले. अर्धं सामान खोक्यांत बांधलेलं होतं. भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर तेवढी अजून जागेवर होती; ती शेवटी निघणार असावी. सिस्टरनी चहा दिला, निर्णय ऐकला आणि विचारलं, "तुम्ही वही नीट बघितली काय हो?"

मला राग आला. मी, म्हणजे मी, नीट बघितली का? पानं मोजली, उंची घेतली, हिंदमाताला घेऊन गेले, असं सगळं मी फणकाऱ्याने ऐकवलं.

"मग लाल टाके कशाला आहेत?"

"दुरुस्ती आहे ती."

सिस्टर हसल्या. ते हसणं काही मला आवडलं नाही. "उद्या येते," त्या म्हणाल्या. "वही काढून ठेवा."

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या टेबलासमोर बसल्या, चष्मा लावला आणि पहिलं पान उघडलं.

"आमच्या माणसांना साच्यावर घेत नव्हते," त्या म्हणाल्या. "म्हणजे कापड विणायच्या खात्यात. तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढायला लागायचा. आमचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याला कसा चालेल? म्हणून बाबांना नाय घेतलं कधी. आई तर बाईमाणूस. ती सूत गुंडाळायची. तिच्या हातचं सूत मात्र सगळ्यांना चालायचं. विणायचे दुसरे, छाप मारायची गिरणी. कुठल्या रंगाचं सूत कुठल्या साच्यावर गेलं ते आई विचारून विचारून डोक्यात ठेवायची. त्या कापडाचा तुकडा मिळाला की घरी आणून शिवायची, आणि खाली हा लाल टाका. हे सूत माझ्या हातचं, म्हणून. सही नाय ना येत होती तिला."

मी वही माझ्याकडे फिरवून घेतली. प्रत्येक पानावर, खाली उजव्या कोपऱ्यात, दोन उभे टाके आणि एक आडवा. पहिल्या पानावर तसेच, विसाव्या पानावर तसेच. त्यांच्या खाली कापड कुठेही फाटलेलं नव्हतं. दुरुस्ती करायला आधी काहीतरी फाटलेलं असावं लागतं, हे तीस वर्षांच्या अनुभवाला त्या दिवशी सुचलं. मला मनापासून लाज वाटली, आणि ती सिस्टरना दिसावी असंही वाटलं.

वस्तूची माहिती वस्तूवरूनच घ्यायची ना? वस्तूवर सही होती, पानागणिक होती, आणि मी ती पानागणिक पाहून नोंदवलीही होती. दाखल्याची गरज समितीला होती. मला गरज होती ती नुसतं बघायची.

मी नोंद उघडली. दुरुस्तीचं वाक्य पुसून तिथे लिहिलं: 'प्रत्येक पानावर कर्तीची सही, लाल दोऱ्यात.' कर्त्याच्या जागी सिस्टरनी सांगितलं तसं आईचं नाव घातलं. या लिखाणात मी कोणाचंच नाव घेतलेलं नाही, तेव्हा तेही घेत नाही. ज्याला हवं त्याने परळला यावं आणि सूचीत पाहावं. शीर्षक सिस्टरनीच सुचवलं, 'सुताची वही'. समितीची भीती मला वाटली नाही. कार्यवाह सूचीत फक्त स्वतःचं नाव शोधतात आणि ते सापडलं की सूची अचूक आहे असा शेरा देतात.

सिस्टरनी पडद्याजवळ वाकून सगळं वाचलं. "आणि हे काय? गिरणी अजून हायेच की."

"ती प्रकाशक आहे, सिस्टर. ती जागा कोरी सोडता येत नाही."

"छाप मारण्यापलीकडं गिरणीनं काय केलं?"

मी गिरणीचं नाव पुसलं आणि तांबड्या चांदणीपुढे टाइप केलं: अज्ञात. संगणकाने निमूटपणे घेतलं. ही माझी पहिली खोटी नोंद नव्हती, पण स्वखुशीने केलेली पहिलीच होती, आणि ती करताना मला फार बरं वाटलं.

"वही राहू दे आता इथं," सिस्टर म्हणाल्या. वही त्यांनी स्वतः साडीत गुंडाळून माझ्या हातात दिली. मग जायला उठल्या आणि दाराशी थांबल्या. "मॅडम, गिरणीचं नाव टाकून बघा बरं एकदा."

आमच्याकडे त्या गिरणीची दुसरी कुठलीच वस्तू नाही, हे मला माहीत होतं. मी दाराशी जाऊन वाचकांच्या संगणकावर गिरणीचं पूर्ण नाव टाइप केलं.

'एकही नोंद सापडली नाही.'

सिस्टरनी ते मोठ्याने वाचलं. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पदराने पुसले.

"परत टाका," त्या म्हणाल्या.

मी परत टाकलं.