मालनचे बाबा

शाळेत मी पाचवा तास घेत होते तेव्हा शिपाई बोलवायला आला. ऑफिसातल्या फोनवर माझी धाकटी बहीण मालन होती. "ताई, बाबा वाळयेर बसले ते उठणत नाय गो..." एवढंच म्हणाली. मागे समुद्राचा आवाज येत होता आणि माणसांची आरडाओरड. बाबा सकाळी तारकर्लीच्या किनाऱ्यावर रापणीला गेले होते. अर्धा गाव मिळून समुद्रातलं लांबच लांब जाळं दोराने किनाऱ्यावर ओढतो, ती रापण. चाळीस वर्षं त्यांनी तो दोर ओढला आणि त्या दिवशी दोर हातात असतानाच ते खाली बसले. मी कणकवलीहून एसटीने निघाले. त्या दीड-दोन तासांत मला रडू आलं नाही. एकच गोष्ट डोक्यात फिरत होती, की आता घरी माणसं जमली असतील आणि मालनचं काय करायचं हे ती ठरवत असतील.

तसंच झालं होतं. अंगणात शिरले तर वडिलांचे चुलतभाऊ दाजीकाका आईला सांगत होते, "झिल आसा ना घरात? मगे? तेका धोतर नेसवा आणि आग देवक पुढे करा." झिल म्हणजे मुलगा. आई खांबाला टेकून बसली होती. मालन अठरा वर्षांची, निळ्या पंजाबी ड्रेसमध्ये, बाबांच्या पायाशी. ती कोणाकडेच बघत नव्हती.

मालन आमच्या घरात मुलगा म्हणून जन्मली. तिचं पाळण्यातलं नाव मी इथे लिहीत नाही, कारण तिला ते नको आहे. १९९८ साली मी बारावीला होते आणि ती सहा वर्षांची. जून महिन्यात शाळा उघडायच्या आधी बाबा तिला केस कापायला घेऊन गेले. परत आली ती चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाली, "मी चेडू आसय, बाबा. माका चेडवासारख्या ऱ्हवचा आसा." आई हसली, मीही हसले. बाबा हसले नाहीत. त्यांना लगेच समजलं असंही नाही. वर्षभर ते रागावले, समजूत घातली, एकदा हातही उगारला आणि मग स्वतःच मागीलदारी जाऊन बसले. पण पुढच्या जूनमध्ये त्यांनी केस कापायला नेलं नाही, एवढं मला आठवतं. दिवाळीपर्यंत आई तिच्या दोन वेण्या घालायला लागली होती. मालन हे नाव तिने स्वतः घेतलं, आणि घरात ते रुळायला वेळ लागला नाही... अडखळत होते ती मीच.

मुख्याध्यापकांकडे बाबा धुतलेला सदरा घालून गेले. मी बरोबर होते. कचेरीत बोलतात तशी मराठी त्यांनी वाटेत जुळवून ठेवली होती. "गुरुजी, दाखल्यावर काय असेल ते असू द्या. हजेरीला मालन म्हणा. नाही म्हणालात तर ती हजर म्हणणार नाही, आणि तुमच्या वर्गात एक पोर कायमचं गैरहजर राहील." गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बघतो." दुसऱ्या दिवसापासून ते मालन म्हणायला लागले. वर्गातल्या पोरांनी छळायचं ते छळलंच. पण ती शाळेत जात राहिली.

ती नऊ वर्षांची झाली तेव्हा दाजीकाकांनी विषय काढला. पोराला घरात ठेवायचं की देवीला सोडायचं, त्यासाठी देवळात कौल लावूया. आमच्याकडे देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारतात. उजवीकडची आधी पडली तर होकार. एकदा कौल झाला की गावात कोणी तो मोडत नाही, म्हणून मला भीती वाटली. बाबा जाळं विणत होते. मान वर न करता म्हणाले, "देवाक काय इचारू? पोर माझा आसा की नाय, ह्या? ता माका म्हायत आसा. म्हायत आसलेल्यासाठी देवाचो येळ कित्याक घालवू?" काका निघून गेले. मग मी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची, घरातली पहिली शिकलेली, पुढे झाले. मी म्हटलं, कौल वगैरे सोडा, तिला लांब मुलांच्या बोर्डिंगात ठेवू, मुलांत राहिली की सुधारेल. बाबांनी हातातली सुई खाली ठेवली. "तुमचा दोघांयचा एकच आसा, बाय. दाजी म्हणता देवीक सोड, तू म्हणतंस बोर्डिंगात सोड. खंय सोडूचा, येवढोच काय तो फरक."

ज्या माणसाने मला कॉलेजला पाठवलं, पहिल्या दिवशी एसटीत चढवून बस दिसेनाशी होईपर्यंत जो उभा राहिला, त्याला मी हे सुचवलं होतं.

त्याच वर्षी नारळी पौर्णिमेनंतर पहिली रापण पडायची होती. जाळं टाकण्याआधी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एक जण देवाकडे मागणं मागतो आणि बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. त्या दिवशी मान बाबांचा होता. मासळीचं झालं, होडीचं झालं, आणि मग ते म्हणाले, "बा म्हाराजा, माझ्यो दोन चेडवां. थोरली कालेजात शिकता, धाकटी ही मालन. दोघींकय सांभाळ रे म्हाराजा!"

कोणी काही बोललं नाही. पन्नासेक माणसं उभी होती. मालन बाबांच्या शेजारी होती, तिचा हात त्यांच्या हातात. मी चार पावलांवर होते. दोन शब्द म्हणायचे होते... माझ्या बरोबरीच्या मुली बघत होत्या, आणि मी पायाने वाळू उकरत राहिले. शेवटी म्हातारे भिवाआजो खेकसले, "व्हय म्हाराजा! अरे बोला रे, मासळी काय तुमची वाट बघीत ऱ्हवतली?" तेव्हा कुठे माणसं हसली आणि बोलली. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. त्यावर नंतर ते कधी बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. वर्गात शिकवताना, भाजी चिरताना मध्येच ती नजर येते आणि हातातलं काम राहून जातं.

म्हणून त्या दिवशी अंगणात दाजीकाकांनी धोतर आणायला माणूस पाठवला, तेव्हा मी विचार करत थांबले नाही. "धोतर नाय काका. बाबांची धाकटी आग देतली, आसा त्याच कपड्यांत. मियां तिच्यावांगडा येतलंय." काकांनी आवाज चढवला. आई उठली आणि मडकं मालनच्या हातात दिलं. मग कोणी अडवलं नाही. पण हे नऊ वर्षं उशिरा होतं, आणि ऐकायला बाबा नव्हते.

स्मशानातून आल्यावर मी मागच्या न्हाणीघरात गेले. ते बाबांनी स्वतः चिऱ्यांनी बांधलं. आधी तिथे माडाच्या झापांचा नुसता आडोसा होता आणि मालन कपड्यांसकट आंघोळ करायची. दार बसवलं तेव्हा तिला उभं करून, तिचा हात पोचेल तिथे त्यांनी आतून कडी ठोकली. ती मला कमरेत वाकून लावावी लागली. मालन तर माझ्याहून उंच आहे. तिला विचारलं, ही वर का घेतली नाही? म्हणाली, "कितीवेळा सांगलंय बाबांका. म्हणत, ऱ्हवांदे, तुका लावूक येता मा?"

हल्ली दर शनिवारी मी गावी जाते. गेल्या खेपेला त्या दाराची चौकट ढिली झाली म्हणून सुतार आला होता. "कडी वर घेव काय?" त्याने विचारलं. मालनने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आसा थंयच ऱ्हवांदे." त्याने जुन्याच भोकांत नवे स्क्रू पिळले.