हरलीस, की काढलं?

चिटणीस काकांची आणि माझी पहिली भेट वेस्ट विंडसरमधल्या एका शाळेच्या कॅफेटेरियात झाली. रविवारी सकाळी तिथे आपली मराठी शाळा भरायची. मी तेरा वर्षांची होते. बाबांच्या नोकरीपायी नागपूरहून सनीव्हेल, तिथून प्लेनो, तिथून इथे, अशी आमची वरात फिरत होती. नव्या शाळेत मागच्या टेबलावर जाऊन बसायचं, हे मला आता झोपेतही जमलं असतं. बालकृष्ण चिटणीस नावाचे एक उंच गृहस्थ समोर येऊन उभे राहिले.

"काय काय येतं तुला?"

"काहीच नाही."

"म्हणजे खरं बोलता येतं. पुढे बैस."

काका आठवडाभर औषधांच्या संशोधनशाळेत असायचे आणि रविवारी आमच्यात. आडनाव चिटणीस आणि पद अध्यक्ष, यावर ते स्वतःच दर वर्षी एकदा हसायचे. त्यांच्या कऱ्हाडच्या शाळेत मुलांचं मंत्रिमंडळ असायचं. तसं इथेही हवं म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने चार पानांची घटना लिहून आणली होती. पंतप्रधान मुलांनी निवडायचे आणि राष्ट्रपती म्हणजे शाळेचे अध्यक्ष, म्हणजे काकाच. खाली खाऊमंत्री, फळामंत्री, रांगमंत्री. (आमच्या फळामंत्र्याला वर्षभर वाटत होतं की त्याने फळं आणायची आहेत. तो बिचारा संत्री घेऊन यायचा आणि फळा कुणीच पुसायचं नाही. असो.)

"काका, घटना म्हणजे इन्सिडेंट ना?" रोहनने विचारलं. रोहन म्हणजे आज या गौरवग्रंथाचा संपादक. तेव्हा तो शर्ट खोचून येणारा मुलगा होता.

"आज कॉन्स्टिट्यूशन," काका म्हणाले. "इन्सिडेंट अजून व्हायचाय."

तो माझ्यामुळे झाला.

शाळेत एक नियम होता. इंग्रजी शब्द तोंडातून निघाला की सगळ्यांसमोर उभं राहून मराठी गाणं म्हणायचं. इथे जन्मलेली मुलं त्या भीतीने तोंडच उघडायची नाहीत. मी निवडणुकीला उभी राहिले ती हा नियम काढीन असं सांगून. रोहन माझ्याविरुद्ध होता. मी निवडून आले. हे लिहिताना आजही छाती थोडी फुगते, कारण इतक्या गावांत राहून "आम्हाला तूच हवीस" असं मला कुणी म्हटलेलं ते पहिलं ठिकाण होतं.

पहिल्याच रविवारी आम्ही नियम रद्द केला. शिकवणाऱ्या काकू आणि मावश्या चिडल्या. "मग आम्ही येतो कशाला? घरी बसून इंग्रजी ऐकतोच की!" नियम परत येईपर्यंत शिकवणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. आम्हीही हटेना. दोन रविवार शाळा बंद पडल्यात जमा होती. बाया कॉरिडॉरमध्ये कॉफी पीत उभ्या, आम्ही कॅफेटेरियात पत्ते खेळत.

तिसऱ्या रविवारी काका घटनेची फाइल घेऊन आले आणि त्यांनी सातवं कलम वाचलं. "पंतप्रधान हे राष्ट्रपतींची मर्जी असेतोवर पदावर राहतील." मग माझ्याकडे न बघता म्हणाले की सायलीला पदावरून दूर करण्यात येत आहे, रोहनने कारभार पाहावा.

कुणालाच काही कळलं नाही. "वेट, मर्जी म्हणजे?"

"लाइक, मूड?" रोहन म्हणाला.

"मर्जी म्हणजे इच्छा," काका म्हणाले. "राष्ट्रपतींची."

"म्हणजे तुमची," मी म्हटलं. "मग यांनी मत कशाला दिलं?"

काकांनी फाइल मिटली. मी दप्तर उचललं आणि पार्किंग लॉटमध्ये आईची वाट बघत बसले. त्या दिवशी माझं ठरलं होतं. ही शाळा बंद, मराठीही बंद. घरी दोन दिवस मी आईशी फक्त इंग्रजीत बोलले, आणि आई मुकाट्याने ऐकून घेत राहिली, हे मला अजून लागतं.

बुधवारी संध्याकाळी काका आमच्या अपार्टमेंटच्या दारात उभे. चहा नको म्हणाले. फाइल उघडून त्यांनी माझ्यासमोर ठेवली, शेजारी एक जाडजूड पुस्तक. भारताची राज्यघटना, मराठीत.

"हे कलम मी यातून उतरवलं होतं. आता पुढचं वाक्य तू वाच."

मी अडखळत वाचलं. मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असतं, असा त्याचा अर्थ होता.

"हे तुमच्या घटनेत कुठाय?"

"नाहीये." काकांनी आपलं हस्तलिखित उलटं-सुलटं केलं. "मर्जीपाशी माझं पान संपलं. पुढचं नंतर लिहू म्हटलं आणि राहून गेलं. सायली, पान संपलं म्हणून मी तुला काढलं."

साठीच्या आसपासचे, एवढे शिकलेले गृहस्थ एका तेरा वर्षांच्या मुलीसमोर असं बोलतात, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. नंतर नोकऱ्यांच्या निमित्ताने पुष्कळ साहेब पाहिले. तरीही फार वेळा पाहिलं नाही.

रविवारी त्यांनी हेच सगळ्यांसमोर सांगितलं. मुलं, काकू, मावश्या, सोडायला आलेले आईबाप, सगळ्यांसमोर. एका मोठ्या देशात राणीच्या प्रतिनिधीने निवडून आलेल्या पंतप्रधानांना एका पत्रासरशी घरी पाठवलं होतं आणि तिथले लोक त्यावर अजून भांडतात, हेही सांगितलं. "त्यांच्याकडे निदान भांडायला दोन बाजू आहेत," काका म्हणाले. "माझी एकच बाजू आहे. मी चुकलो." मग मला पुन्हा पदावर बसवलं, राहिलेलं वाक्य घटनेत लिहिलं, आणि सभागृहाला, म्हणजे मुलांना, विचारलं, हिच्यावर तुमचा विश्वास आहे का? आधी असेल त्यांनी हात वर करा, मग नसेल त्यांनी.

मी एका मताने हरले.

गंमत बघा, मला अजिबात वाईट वाटलं नाही. वाटलं, पण वेगळं. विरोधात वर गेलेले हात मला समोर दिसत होते, आणि पुढच्या वेळी ते खाली कसे आणायचे याचा विचार मी तिथल्या तिथे सुरू केला होता. मी शाळा सोडली नाही. रोहन पंतप्रधान झाला आणि त्याने गाण्याचा नियम परत आणलाच नाही, कारण सगळ्यांत जास्त गाणी त्यालाच म्हणावी लागायची. काकूंची समजूत काकांनी काढली. "मुलं बोलली तर चुकतील, चुकली तर शिकतील. गप्प बसलेल्याला काय शिकवणार?" हे मराठी मी आज लिहितेय, ते काका घरी आले त्या बुधवारमुळे.

पुढे मी काही फार शिकले नाही. कॉलेज अर्धवट सोडलं, गावं बदलली, कामं बदलली. काकांनी कधी उपदेश केला नाही. प्लेनोमध्ये गोदामातली नोकरी एका ईमेलने गेली तेव्हा मी गाडीत बसून त्यांनाच फोन लावला.

"बोला पंतप्रधान."

"काका, नोकरी गेली."

"हरलीस, की काढलं?"

"काढलं."

"मग तुझ्यात काय कमी आहे ते शोधत बसू नकोस. त्यांचं पान कुठेतरी संपलं असेल. जेवलीस का?"

मागच्या वर्षी कयाक भाड्याने देणाऱ्या दुकानातली बरी चाललेली नोकरी मी आपणहून सोडली. तेव्हाही त्यांनी तेच विचारलं. मी म्हटलं, "दोन्ही नाही, मीच सोडलं." पलीकडे कागदाची सळसळ ऐकू आली. "हा प्रकार आपल्या घटनेत नाही. थांब, लिहून घेतो." मग पाठीमागून शैलाकाकूंचा आवाज, "अहो, तिला म्हणावं इकडे ये आधी!" मी गेले. तीन आठवडे राहिले. कधी जाणार, असं दोघांनीही विचारलं नाही.

रोहनने दोन पानं दिली होती आणि दुसरं संपत आलंय. नेमक्या याच जागी काकांची चूक झाली होती, म्हणून राहिलेलं वाक्य आत्ताच लिहून टाकते.

काका, पंचाहत्तरीनिमित्त आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी ऑनलाइन सभा घेतली. आठ वेगवेगळ्या घड्याळांतून माणसं आली होती, फळामंत्रीही होता. ठराव एकच होता. चिटणीस काकांनी गुडघे सांभाळावेत, तळ्याभोवतीची सकाळची फेरी चुकवू नये, खूप जगावं, आणि आमच्यापैकी कुणीही फोन केला की तोच प्रश्न विचारायला तिथे असावं. मुदत घातलेली नाही. मतदान हात वर करून झालं. रोहनने दोनदा मोजलं, विरोधात कुणी नाही.

तेव्हा तुमची मर्जी असो वा नसो, काका, सभागृहाचा तुमच्यावर विश्वास आहे. पद सोडता येणार नाही.