आईला जाळण्याचा अर्ज

आईची तिरडी स्मशानाच्या फाटकाबाहेर टेकवली होती. फाटकाला कुलूप. चावी सरपंचाच्या खिशात. मोटारसायकलीवरून न उतरताच तो मला म्हणला, "परवानगी काढलीस का? लेखी अर्ज दे. कुणीबी यायचं आन् पेटवायचं, असं असतंय का?"

आमच्या बौद्धवाड्याची मढी नाल्याकाठी जळायची. त्या आठवड्यात नाला भरून वाहत होता, म्हणून पत्र्याच्या शेडाकडं आलो. शेड ग्रामपंचायतीचं. म्हंजे समद्या गावाचं.

आता माझी लाज सांगतो. मी तालुक्याच्या कचेरीत जन्म-मृत्यू नोंदीच्या टेबलावर कारकून हाय. आजारानं गेलेल्या माणसाला खेड्यात जाळायला आधी कुणाची परवानगी लागत न्हाई, एकवीस दिवसांत नोंद करा, हे मीच रोज लोकांना सांगतो. सरपंचालाबी ठाऊक होतं. मागच्या महिन्यात त्याचा बाप ह्याच शेडात जळला. कुणी कागद मागितला न्हाई. मी तिथं मागं उभा होतो, हात जोडून.

एवढं ठाऊक असून मी त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर वही ठेवली आन् लिहिलं, "माझ्या आईचे प्रेत जाळण्यास परवानगी मिळावी, ही नम्र विनंती." खाली लिहिलं, आपला आज्ञाधारक. थू माझ्या जिंदगानीवर!

सरपंचानं वाचलं. "अक्षर लय झ्याक हाय रे तुझं." त्याच्यासंगं आलेले हसले. मी म्हणलो, "हो मालक."

माझी थोरली बहीण, अक्का, तिरडीपाशी बसली होती. तिला वाचता येत न्हाई. ती म्हणली, "काय लिवलंस बाबा? आईला वाचून दाखव की."

आईचं तोंड उघडंच होतं. तिच्यापुढं ते वाचायचं? मी सरपंचाच्या हातातून कागद हिसकला आन् फाडला.

"चावी द्या."

"न्हाई दिली तर?"

"कुलूप फोडतो. नाव ठाऊकच हाय माझं, घाला केस."

न्हाई दिली. लाकडं फोडायला आणलेल्या कुऱ्हाडीनं मीच कुलूप फोडलं. आई शेडात जळली.

केस झाली. तारखेला जातो, कुलूप फोडलं म्हणून सांगतो. त्याची लाज वाटत न्हाई. पण तो अर्ज मी लिहिला होता, हे काही केल्या पुसलं जात न्हाई. रातंदिस टोचतंय.

पोरीला बजावून ठेवलंय, मला त्याच शेडात न्यायचं. कुणापुढं हात जोडलेस, तर माझ्या मढ्याला हात लावू नकोस.