काकूंचा लोहचुंबक

डॉक्टरकाकूंच्या पर्समध्ये लिपस्टिक नसायची, लोहचुंबक असायचा. फ्रिजवर लावतात तसा साधाच, पुढे गणपतीचं चित्र असलेला. नागपूरहून एडिनबराला येऊन स्थायिक झालेल्या या बाई जनावरांच्या डॉक्टर, आणि माझ्या शेजारीण. कुणाकडे शिकारीचं मांस शिजलं, की त्यात सापडलेला छर्रा त्या बशीच्या कडेला ठेवायच्या आणि त्यावर बाप्पा धरायच्या. चिकटला तर स्टील. नाही चिकटला तर शिसं, आणि मग यजमानाची काही खैर नसायची.

"अहो काकू, मांसावर बाप्पा काय धरता?" मी एकदा म्हटलं.

"विघ्नं हरायला दुसरं कोण येणार, तू?"

शिशाचा हा राग हंसांपायी होता. पाणपक्षी जमिनीवर पडलेले छर्रे खडे समजून गिळतात आणि शिसं अंगात भिनून मरतात. क्लिनिकमध्ये आलेला असा एक हंस मी पाहिलाय. ती डौलदार मान त्याला उचलवत नव्हती. काकूंनी ती आपल्या दंडावर घेतली आणि त्याचा जीव जाईपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत. एवढी माया आणि एवढा संताप एकाच चेहऱ्यावर मी त्याआधी पाहिला नव्हता.

गावाबाहेरचा शेतकरी अँगस हा त्यांचा जुना मित्र. पाणथळ जागी शिशाच्या छर्ऱ्यांना कायद्याने बंदी आहे, ती तो काटेकोर पाळायचा. कोरड्या रानातल्या फेझंट पक्ष्यांच्या शिकारीला मात्र ती लागू नव्हती. एका ख्रिसमसला त्याच्याच टेबलावर काकूंनी चुंबक काढला. छर्रा ढिम्म हलला नाही.

"मी लॉ मोडलेला नाही, डॉक्टर," अँगस म्हणाला. "आणि माझ्या आजोबांच्या बंदुकीला स्टील सोसत नाही."

"तुझी नात हेच खाते ना? शिसं पोरांच्या मेंदूला बाधतं. ते काय नवा लॉ येईपर्यंत थांबणार आहे?"

अँगस ताटावरून उठला. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. काकूंना ते फार लागलं, पण शब्द काही त्यांनी मागे घेतला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर पहिल्याच आठवड्यात सॉरी म्हणून मोकळा झालो असतो.

यंदा काकू गेल्या. क्रेमॅटोरियमहून परतल्यावर त्यांच्या घरी चहा चालला होता, तेव्हा अँगस आला. त्याने खिशातून मूठभर छर्रे काढून टेबलावर ठेवले.

"तिचा मॅग्नेट कुठाय?"

मी पर्समधून काढून दिला. त्याने तो जवळ नेला मात्र, सगळे छर्रे टपटप उडून बाप्पाच्या पाठीला चिकटले.

"आजोबांची बंदूक कपाटात बंद केली," तो म्हणाला. "त्या ख्रिसमसनंतर लगेचच. तिला सांगायची लाज वाटत होती."