मिळकतींची वही

वकिलीची सनद मिळाली तेव्हा सोलापुरात जमीन-घरांची कामं पाहणारे एक नावाजलेले वकील होते. त्यांच्याकडे ज्युनिअर म्हणून जायचं मी मनाशी पक्कं केलं होतं. पहिल्या भेटीत ते म्हणाले, आधी या शहरातल्या मिळकतींची माहिती करून घ्या, मग या. मला ते खरंच वाटलं.

शहरी जमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा नुकताच आला होता. त्याची प्रत मिळवण्यातच पंधरा दिवस गेले. मिळकतींचे उतारे पाहायला सिटी सर्व्हेच्या कचेरीत गेले, तर कारकुनानं विचारलं, कुणाची मिळकत? कुणाचीच नाही, मला शिकायचंय, असं मी सांगितलं. तो हसलाही नाही. "शिकायला कालेज हाय की," म्हणाला आणि माझ्या मागच्या माणसाचा अर्ज घेतला.

मग मी एक वही घेऊन शहराच्या पूर्वभागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, घराघरांच्या नोंदी करत हिंडू लागले. एका विणकर बाईंनी आत बोलावलं. पुढच्या खोलीत त्यांचा माग, मागच्या खोलीत दिराचा संसार. मधली भिंत दोघा भावांनी मिळून घातलेली. कागदावर मात्र घर अजून सासऱ्यांच्या नावावर, आणि सासरे जाऊन बारा वर्षं झालेली. अडखळत्या मराठीत, शब्द सुचेना तिथे तेलुगू शब्द घालत त्यांनी विचारलं, उद्या वाटणी झाली तर भिंत कुणाची? मला सांगता येईना. वारसाहक्काच्या पेपरात मी कॉलेजात पहिली आले होते. स्वतःचाच भयंकर राग आला.

दीड महिन्यानं भरलेली वही घेऊन मी वकीलसाहेबांकडे गेले. त्यांनी चार पानं चाळली आणि टायपिंग येतं का, विचारलं. येत नव्हतं. मग त्यांनी शांतपणे समजावलं, की मोजणीला खेड्यापाड्यांत जावं लागतं, बायकांना ते झेपत नाही. आणि तसंही जागा गेल्याच आठवड्यात भरली.

"वही मात्र चांगली आहे," ते म्हणाले. "इथेच राहू द्या. नव्या ज्युनिअरला उपयोगी पडेल."

मी हात पुढे केला. "नाही साहेब. ती माझी आहे."

वही मिळाली.

दोन महिन्यांनी दुसऱ्या एका वकिलांकडे बसायला जागा मिळाली. तिथे भाडेकरूंना द्यायच्या नोटिसाच तेवढ्या लिहिल्या. जमिनीचं पहिलं काम हाती यायला तीन वर्षं लागली. तेही त्या अशिलाला दुसरा कुणी वकील दारात उभं करत नव्हता म्हणून.