टाकीतल्या जिवाचं पथ्य

मॅडम टाकीतला थेंब चिमटीत धरायच्या, अंगठा आणि बोट हळूच दूर करायच्या आणि मध्ये तार येते का ते पाहायच्या. तुटली की म्हणायच्या, "पोरं अजून उपाशी हायेत." पोरं म्हणजे जिवाणू.

दिग्रसच्या एका कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. मी बटाट्याच्या वेफर्सच्या कारखान्यात सुपरवायझर. आमच्या मागच्या अंगणात सालींचा ढीग असा कुजायचा, की रस्त्यावरचा माणूस नाक धरूनच पत्ता विचारायचा. एकदा कारखाना पाहायला आलेल्या मॅडम त्या ढिगापाशी सोन्याची खाण सापडल्यासारख्या उभ्या राहिल्या. साली शिजवून पाणी करायचं, ते जिवाणूंना खाऊ घालायचं; ते खातात आणि डिंक करतात. वाळवलेली चिमूटभर भुकटी बादलीभर पाणी दाट करते. वणीकडे कोळसा शोधायला जमिनीत भोकं पाडतात, त्यांना ती हवीच असते. त्या दाट पाण्यानं भोकाच्या कडा ढासळत नाहीत.

निवृत्ती जवळ आली की माणसं भजनी मंडळात जातात, या सालींत आल्या, असं मी म्हणायचो. तोंडावरच म्हणायचो. त्या हसायच्या.

हे जिवाणू पानकोबीवर रोग पाडतात. त्यामुळे आठवडी बाजारात मॅडम काळ्या शिरांची कोबी शोधत फिरायच्या. भाजीवाली वैतागायची, "मॅडम, चांगली घ्या नं. सडकी कायले?"

"चांगलीत माहे पोरं नाहीत नं बाई."

कॉलेजच्या काचेच्या चंबूत त्यांना हे केव्हाच जमलं होतं. त्यांना ते कारखान्यात, आमच्या हातून झालेलं पाहायचं होतं. "मी असली तं होते, त्यात काय? मी नसली तरी झालं पाहिजे," हे त्यांचं पालुपद. शेठनं मागची शेड दिली, पण दसऱ्यापर्यंतच. नंतर तिथं दिवाळीच्या फरसाणाचे तेलाचे डबे यायचे होते.

टाकी लागली. पाणी दाट होऊ लागलं. मॅडम येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "यात जीव हाय. त्याले भूक लागते, हवा लागते." आणि खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, पाहतो तर टाकीला आंबूस वास, पाणी पुन्हा पातळ, आणि वर झेंडूची पाकळी अन् पुरणाचा गोळा तरंगतोय.

"मीच टाकलं," शेठच्या आई, आमच्या मोठ्या बाई, शांतपणे म्हणाल्या. "मशीनीले हळद-कुंकू वाह्यतोच आपण. याच्यात तं जीव हाय म्हंता. सणाच्या दिवशी त्याले सालीच्या पाण्यावर ठेवायचं का?"

शेठनं कपाळाला हात लावला. आता शेड जाणार हे उघड होतं. मॅडम मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि बाईंच्या शेजारी बसल्या.

"चूक माही हाय. जीव हाय एवढंच सांगतलं, त्याचं पथ्य सांगाचं राह्यलं." झाकण उघडलं की बाहेरचे जंतू शिरतात, आधी खातात आणि आपले उपाशी मरतात, असं त्यांनी समजावलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि लेकाला म्हणाल्या, "तेलाचे डबे माह्या ओसरीत ठेव. शेड राहू दे मॅडमले."

पुढच्या खेपेला मॅडम दाराशी खुर्ची टाकून बसल्या आणि कशालाही हात लावला नाही. मी चिडलो, विनवलं, ढिम्म. टाकी अशी घट्ट झाली की ढवळणारी मोटर कण्हू लागली. माल वणीला गेला. तिकडून आणखी मागणी आली, आणि मॅडमनी येणं हळूहळू कमी केलं.

यंदा पोळ्याच्या आसपास सकाळी फोन आला. मॅडम झोपेतच गेल्या होत्या. शेठ निघाले, मोठ्या बाई निघाल्या, सगळे निघाले. टाकी ऐन भरात होती, हवेचा पंप अधूनमधून बंद पडत होता, आणि तो सुरू करायला कुणीतरी लागणार होतं. शेठ म्हणाले, "सोडून दे, एक घाणा गेला तं गेला."

मी नाही गेलो. पंपाजवळ बसून रडलो, तो थांबला की उठून सुरू केला. संध्याकाळी मंडळी मसणवट्यातून परत आली तेव्हा माल तयार होता.