तुकडा केवढा ठेवू?

सर्व्हरच्या खोलीत आठ डिस्क एका ओळीत आहेत. एकाच फाइलचे तुकडे करून ते सगळ्यांवर एकदम लिहायचे, म्हणजे काम भराभर होते. आमचे मात्र रखडत होते. तुकड्याचे माप मला काही केल्या जमेना. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या अद्वैतने त्याच्या वडिलांना फोन लावला. तेही याच कामातले. "बाबा, तुकडा केवढा ठेवू?" बोलता बोलता त्याने माप बदलले आणि डिस्कवरचे सगळे दिवे एका लयीत लुकलुकू लागले.

"तूही विचारायचंस की घरी," तो सहज म्हणाला.

मला हेवा वाटला. त्याच्या हुशारीचा नव्हे, त्या फोनचा. माझे वडील, तात्या, साखर कारखान्यात मजूर. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच.

संध्याकाळी आईला सगळे सांगितले. एकाचे ओझे आठ जणींनी वाटून घ्यायचे, असे.

"मग तुझ्या शिक्षणाचं आम्ही दुसरं काय केलं रे? ताईनं शिलाई केली, तात्यांनी दुहेरी पाळ्या केल्या."

खरेच होते ते. तरीही ते दिवे पाहिले की वाटते, एकदा तरी सहज फोन लावून विचारता यावे, "तात्या, तुकडा केवढा ठेवू?"